‘हँडशेक डन’ तीनदा का येतं, हे दाखवणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानतो आहे, कारण त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कनेक्शनच्या कॉलबॅकशी (काही घडलं की लायब्ररी आपणहून बोलावते त्या फंक्शनशी) झगडणाऱ्या इतरांच्याही कामी येईल.

आमचा क्लायंट सर्व्हरला जोडला गेला की लॉगिनचा संदेश पाठवायचा. ‘जोडला गेला’ हे कळावं म्हणून मी ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या लायब्ररीचा इन्फो कॉलबॅक लावला होता. ‘हँडशेक डन’ (दोन्ही बाजूंची सुरुवातीची बोलणी पुरी झाल्याचा इशारा) आलं की लॉगिन रांगेत टाकायचं, एवढंच. हे बरेच दिवस सुरळीत चाललं. मग लायब्ररी १.१.१ए वर नेली आणि काही सर्व्हरांशी कनेक्शन जुळल्याजुळल्या तुटू लागलं. त्या सर्व्हरांच्या लॉगमध्ये एकाच कनेक्शनवर तीन लॉगिन दिसत होते. मी तीन दिवस थ्रेड आणि लॉक तपासत होतो.

तुम्ही दुसऱ्या टीममधले, तुमचं काम तुमच्या डोक्यावर. तरी खुर्ची ओढून बसलात. कोडकडे बघितलंही नाहीत. आधी कॉलबॅकला जे जे मिळतं ते सगळं छापायला लावलंत: प्रकार, आकडा आणि त्या क्षणाची स्थिती. छापलेलं वाचताना तुमचं बोट एका ओळीवर थांबलं. दुसऱ्या ‘हँडशेक डन’च्या आधी सेशन तिकीट (पुढच्या वेळी लवकर जोडता यावं म्हणून सर्व्हर देतो ते) वाचल्याची नोंद होती. तिसऱ्याच्या आधीही तीच.

टीएलएस या कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या १.२ मध्ये हे तिकीट हँडशेक पुरा व्हायच्या आत येतं. १.३ मध्ये ते हँडशेक संपल्यावर येतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ओपनएसएसएलचा सर्व्हर अशी दोन तिकिटं पाठवतो. १.१.१ आणि १.१.१ए या आवृत्त्या मागाहून येणाऱ्या अशा प्रत्येक संदेशाला ‘हँडशेक स्टार्ट’ आणि ‘हँडशेक डन’ पुन्हा कळवत. एक खरं, दोन तिकिटांचे. तीन लॉगिन.

फेब्रुवारी २०१९ मध्ये १.१.१बी आली तेव्हा बदलांची यादी वाचताना तुमचीच आठवण झाली. अनेक प्रोग्राम या इशाऱ्यांना रिनिगोशिएशन (चालू कनेक्शनवर पुन्हा हँडशेक) समजून गोंधळतात, म्हणून ते बंद केल्याचं तिथे लिहिलं होतं. आम्हाला मात्र काहीच बदलावं लागलं नाही. कनेक्टच्या कॉलने १ (म्हणजे यश) परत केला की ‘जोडलं’ हे एकदाच ठरवायचं, कॉलबॅकमध्ये फक्त नोंद करायची, ही तुमची सूचना कुठल्याही आवृत्तीवर चालणारी होती.

त्यानंतरचा अर्धा तास मात्र मला त्याहून मोलाचा वाटतो. निघता निघता मी तुम्हाला दुसरा एक लॉग दाखवला: प्रकार १६३८८, आकडा ५६०. मी ५६० हा एरर क्रमांक समजून शोधत होतो. तुम्ही तो फोडलात: २५६ च्या पटीत तीव्रता, उरलेल्यात कारण. २ गुणिले २५६, अधिक ४८. २ म्हणजे फेटल (कनेक्शन तोडणारा), ४८ म्हणजे अननोन सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था अनोळखी). आणि १६३८८ म्हणजे अलर्ट (एका टोकाने दुसऱ्याला पाठवलेली सूचना) आपण वाचला. आपण पाठवला असता तर १६३९२ आलं असतं. म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट आम्ही नाकारलं नव्हतं, आमचं सर्टिफिकेट सर्व्हरने नाकारलं होतं! मी आठवडाभर भलत्याच टोकाला सर्टिफिकेटं बदलत होतो. शिवाय टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या बाजूने हँडशेक आधीच पुरा झालेला असतो, त्यामुळे असा नकार पुढच्या रीडमध्ये हाती येतो, हेही तेव्हाच उमगलं. कनेक्ट यशस्वी होऊन लगेच सगळं कोसळतं, याचं कोडं मला कितीतरी दिवस सुटत नव्हतं.

२५६ चंही तसंच. १ गुणिले २५६, अधिक ०. समोरच्याने नीट निरोप घेऊन कनेक्शन बंद केलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि माझ्या डॅशबोर्डवर ते लाल रंगात झळकत होतं. कॉलबॅकच्या ‘एक्झिट’ प्रकारासोबत येणारा उणे १ हाही नॉन-ब्लॉकिंग (डेटासाठी थांबून न राहणाऱ्या) सॉकेटवर बहुतेक वेळा ‘अजून डेटा यायचा आहे’ एवढंच सांगतो, हे तुम्ही दारातून जाता जाता सांगितलंत. तो लाल रंगही गेला.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवी आलेली एक मुलगी लॉग घेऊन आली. १६३९२ आणि ५५७. मी खुर्ची ओढली आणि तिला आकडा फोडायला सांगितला. २, आणि ४५. अलर्ट आपण पाठवलेला. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली. तिचं तिलाच दोन मिनिटांत सापडलं. ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ असं तिने विचारलं, आणि तुमचे आभार मानायचे राहून गेलेत हे लक्षात आलं.

तुमचा ऋणी,
दुसऱ्या टीममधला