८०७ वर बोलायचं तर: मित्रास पत्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर ४० मीटरच्या हौशी पट्ट्यावर मोर्सच्या किल्लीने छान चालतोय हे वाचून फार आनंद झाला. आता त्यावर बोलायचं म्हणून तू स्क्रीन मॉड्युलेशनचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्क्रीन जाळीवर आवाज चढवण्याचं, मनात घेतलं आहेस. ते करू नकोस, हा माझा आग्रह आहे.

स्वस्त पडतं, कबूल. दोन-तीन वॅट ऑडिओत भागतं, मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. पण पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखरावर शक्ती चौपट होते. म्हणून किल्लीवर ४० वॅट देणाऱ्या फायनलची, म्हणजे ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याची, कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) १० वॅटवर आणावी लागते. कार्यक्षमता जेमतेम तीस-पस्तीस टक्के. बाकीचे वीसेक वॅट प्लेटला तापवतात, आणि ८०७ ची प्लेट २५-३० च्या पुढे सोसत नाही. खोल मॉड्युलेशनला आवाजही फाटतो. कॅथोड मॉड्युलेशन हे स्क्रीन आणि प्लेट मॉड्युलेशनच्या अधलंमधलं, त्याच्या वाटेला जाऊच नये.

प्लेट मॉड्युलेशनच कर, म्हणजे आवाज थेट प्लेटच्या व्होल्टेजवर चढव. ६०० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर म्हणजे ६० वॅट इनपुट. ऑडिओ त्याच्या निम्मा, ३० वॅट. मॉड्युलेटरला, म्हणजे हा ऑडिओ पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरला, पुशपुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात तशा जोडणीत) ८०७ चीच जोडी लाव, हसतखेळत देईल. त्याला दिसणारा भार ६००० ओहम.

अडचण मॉड्युलेटर आणि फायनल जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. फायनलचा डीसी सेकंडरीतून गेला की गाभा संपृक्त होतो आणि खर्ज मरतो. इथे हाइसिंग कामी येतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या रेमंड हाइसिंग यांच्या मूळ पद्धतीत फायनल आणि मॉड्युलेटर एकाच चोकमधून (डीसी जाऊ देणाऱ्या, पण ऑडिओ अडवणाऱ्या वेटोळ्यातून) जेवतात. पण मॉड्युलेटरचा व्हॉल्व्ह प्लेटला शून्यापर्यंत खेचू शकत नाही, म्हणून फायनलकडे व्होल्टेज पाडणारा रेझिस्टर घालावा लागतो. सुधारित मांडणी सुंदर आहे: डीसी २० हेन्रीच्या चोकमधून, ऑडिओ ट्रान्सफॉर्मरकडून ४ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून. १०० हर्ट्झला चोक साडेबारा हजार ओहम दाखवतो, कपॅसिटर फक्त ४००. ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी शिरतच नाही, त्यामुळे साधा पुशपुल आउटपुट ट्रान्सफॉर्मरही चालून जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात शोध. कपॅसिटर मात्र दीड हजार व्होल्टचा घे.

८०७ सारख्या टेट्रोडमध्ये, म्हणजे स्क्रीन जाळी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये, नुसती प्लेट हलवून भागत नाही, स्क्रीनही तिच्याबरोबर हलली पाहिजे. स्क्रीनचा ५० किलोओहमचा रेझिस्टर मॉड्युलेटेड बाजूने घे आणि स्क्रीनचा बायपास कपॅसिटर ०.००२ मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नकोस, नाहीतर तो तुझा आवाजच गिळेल.

मग ऑसिलोस्कोपवर समलंब चौकोन लाव: आरएफ उभ्या प्लेटांना, ऑडिओ आडव्यांना. पूर्ण मॉड्युलेशनला त्याचा त्रिकोण होतो. टोकापुढे शेपटी निघाली की कॅरियर तुटतेय आणि शेजारच्या स्टेशनांवर चरचर पसरतेय, गेन लगेच कमी कर. माणसाच्या आवाजात एका बाजूची शिखरं दुसरीपेक्षा मोठी असतात. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या तारा उलटसुलट करून पाहा. मोठी शिखरं वर जातील अशी दिशा ठेवलीस तर तेवढ्याच वॅटांत आवाज भरदार होतो. मला या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत आवडतं.

ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे वीज बंद केल्यावर कपॅसिटरमधला साठा रिकामा करणारा, विसरू नकोस. वीज बंद केल्यावरही आधी कपॅसिटर इन्सुलेटेड काठीला लावलेल्या, चॅसिसला जोडलेल्या तारेने शॉर्ट करायचा, मगच आत हात, आणि तोही एकच. वहिनींना मेन स्विच कुठला ते दाखवून ठेव.

चोक मिळाला की त्याचा डीसी रोध मोजून कळव, प्लेटला किती व्होल्ट उरतात ते त्यावरून काढू.

तुझा,
श्रीधर