उसने नव्हेत

कोल्हापूर,
12 नोव्हेंबर 2025

चि. प्रसाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद काल पुण्याला कुरिअर केलेत. परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, हे पैसे उसने समजा, तिकडं बस्तान बसलं की परत पाठवतो." तेव्हा दारात माणसं होती म्हणून बोललो नाही. पण उसने समजून चालणारच नाही, लेका. कॅनडाला पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, जो सेटलमेंट फंड (तिकडं सुरुवातीला राहायला लागणारे पैसे) दाखवायचा असतो, तो कुणाकडून उसना घेतलेला चालत नाही. म्हणून तर गिफ्ट डीड, आपलं बक्षीसपत्र. परतफेडीची अपेक्षा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

नोटरीनं ते वाचलं आणि माझ्याकडं बघत बसला. "गुरुजी, पोरगं नीट हाय न्हवं? परत मागणार न्हाई असं लिहून कशाला देताय?" म्हटलं, शिक्का मारा. तेवढ्यात तुझी आई चष्मा पुसत म्हणाली, "ठेव दोघांच्या नावावर होती, मग देणारा एकटाच कसा?" झालं, मसुदा पुन्हा टाईप. पाचशेचा दुसरा स्टॅम्प पेपर गेला (शंभराचा बंद झालाय आता), पण तिचं नाव माझ्या आधी आलंय.

तुमच्या त्या एजंटाचं ऐकू नकोस. खात्यात एकदम आलेली रक्कम पगाराची थकबाकी म्हणून दाखवा म्हणतो! खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. त्याचं काय जातंय? पैसे आई-बाबांनी दिले, तर तसंच लिही. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि असेल ते कर्ज, सगळं येतं. शिल्लक मध्येच फुगलेली दिसणारच. त्यासाठीच डीडबरोबर मोडलेल्या ठेवीची पावती आणि आमच्या पासबुकाची पानं जोडलीत.

तुझा जन्मदाखला महापालिकेतून नवीन काढला. भाषांतर मीच करणार होतो, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं ते कशाला? पण घरच्यांनी केलेलं त्यांना चालत नाही. मग बाहेरून करून घेतलं आणि त्या बाईंचं प्रतिज्ञापत्रही जोडलंय. त्यांनी एक आर्टिकल चुकवलं होतं, ते मात्र मी दुरुस्त करून घेतलं.

आता फी. तुम्हा दोघांची प्रत्येकी 950 डॉलर, ईराची 260. त्याशिवाय मोठ्यांना कायम वास्तव्याच्या हक्काची फी 575, पोरांना ती नाही. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे नि फोटो) कुटुंबाचे 170. म्हणजे 3480 कॅनडियन डॉलर, आपले दोन लाखांवर. ती 575ची फी नंतर भरली तरी चालते म्हणून स्नेहल थांबू म्हणते. हिशेबी आहे पोरगी, पण इथं नको. अर्ज नामंजूर झाला तर तेवढी फी परत मिळते. आता भरली नाही, तर शेवटी ते मागणार आणि तिथं काम अडणार. सगळं एकदम भरून टाक. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते आधी बँकेच्या ॲपवरून चालू कर आणि मर्यादाही वाढव.

अर्ज करायचं कॅनडाचं निमंत्रण आल्यापासून साठ दिवस, त्यातली दिवाळी तुम्ही कोल्हापुरातच काढलीत. ते बरंच केलं म्हणा. पण आता शेवटच्या रात्रीपर्यंत ताणू नकोस.

एक राहिलं. स्नेहलच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आपलं. दोन्ही नावं तिचीच, असं प्रतिज्ञापत्र तिनं तिथंच करून घ्यावं. ते झालं की सगळ्या पीडीएफ मला पाठव. मी नजर टाकल्याशिवाय सबमिटचं बटण दाबायचं नाही.

ईराला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, परतफेड करायचीच असेल तर मे महिन्यात पंधरा दिवस ईराला इकडं ठेवा. हे डीडमध्ये लिहिलेलं नाही.