बिलावर लाकडाची प्रत का लिहीत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाकूड व्यापाऱ्यांच्या सभेची कालची बातमी वाचली. कर कमी करा, परवाने लवकर द्या, बाहेरून येणाऱ्या मालाचं काहीतरी बघा. मागण्या रास्त असतील. पण प्रतवारीबद्दल अख्ख्या बातमीत एक ओळ नाही!

गेल्या वर्षी आम्ही दारासाठी सागवानी चौकट घेतली. ‘पूर्ण वाळलेला माल, नुसता गाभा’ असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं. पावसाळ्यात दार लागेना. सुतारानं रंधा मारून दिला. दिवाळीपर्यंत चौकटीलाच पीळ पडला आणि पॉलिशखालचा पांढरा भाग, म्हणजे गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड, किड्यानं पोखरलेला निघाला. व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे गेलो तर ‘हा तुमच्या दोघांतला व्यवहार’ म्हणून वाटेला लावलं. बिलावर फक्त ‘सागवान’ आणि घनफूट. भांडायचं कशाच्या जोरावर?

अमेरिकेत हे काम व्यापाऱ्यांच्या संघटनाच करतात. कठीण लाकडाची तिथली राष्ट्रीय संघटना १८९८ साली निघाली तीच मुळी प्रतवारीचे नियम सगळीकडे एक असावेत म्हणून. बांधकामाच्या पाइनवर, फरवर तर शिक्काच असतो : गिरणी कुठली, प्रत कोणती, झाड कोणतं, ओल किती, तपासलं कोणी. शिक्क्यात ‘एस-ड्राय’ असेल तर रंधा मारताना ओल १९ टक्क्यांच्या वर नव्हती, असा अर्थ. तपासनीस न सांगता गिरणीत जातात, आणि गिऱ्हाइकानं तक्रार केली तर मालाची फेरतपासणी होते. यात गिरणीवाल्याचं नुकसान काय? चांगला माल काढणाऱ्याला त्याचा भाव मिळतो.

आपल्याकडे मानक नाही असंही नाही. कोणत्या हवामानात, कोणत्या कामाला लाकडात किती ओल चालेल हे आयएस २८७ या भारतीय मानकात दिलेलं आहे. आणि कोल्हापूरला प्रतवारी शिकवायला नको. गुळाच्या सौद्यात रंग, कण पाहूनच रव्याला (ढेपेला) दर मिळतो. मग हजारो रुपयांच्या चौकटीला का नाही?

संघटनेनं ओल मोजायचं यंत्र ठेवावं, ते हातात मावतं. जात, प्रत आणि ओल बिलावर लिहिणं सभासदांना सक्तीचं करावं. मग सवलती मागाव्यात, आम्हीही पाठिंबा देऊ.

याच विषयावरचं माझं आधीचं पत्र आपण छापलं नाही. त्या दिवशी पत्रांच्या जागी प्लायवूडची जाहिरात होती. जाहिराती लागतात हे मान्य, पण वाचकांचा कोपरा तेवढा सोडा.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर