आई, इथे न्याहारीला बर्फ खातात

ऑर्तीजा, सिराकूझा (इटली)
९ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे. फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलता, मध्येच मालवणची लाइट जाते आणि जे सांगायचे ते राहून जाते. म्हणून कागदावर लिहिते आहे. याचे फोटो दादाला पाठवीन, मूळ पत्र पोस्टाने येईल तेव्हा येईल. दादा, मोठ्याने वाचून दाखव आणि मधले काही गाळू नकोस. शेवटचे तर मुळीच नको.

बाबा, आधी ज्वालामुखीचे सांगते. टीव्हीवर धूर दाखवतात तो एटना माझ्या उशाशी नाही. इथून कातानिया शहर साधारण ६० किलोमीटर, आणि एटना त्याच्याही उत्तरेला. तो वरचेवर धुमसतोच, इथल्या लोकांना त्याचे नवल नाही. राख आली तर गच्ची झाडतात आणि कामाला लागतात. माझ्या खिडकीतून तो दिसतसुद्धा नाही. दिसतात फक्त समोरच्या घराचे वाळत घातलेले कपडे.

आणि आई, मी लॉजवर राहते असे आत्याला कळू देऊ नकोस, असे तू वहिनीला म्हणालीस म्हणे. हे लॉज नाही गो. आपल्या मागच्या दोन खोल्यांना कोणी लॉज म्हटले तर तुला कसे वाटेल? हे तसेच आहे, अगदी निवास-न्याहारी. ऑर्तीजा हे जुने सिराकूझा, पुलांनी जमिनीला जोडलेले छोटेसे बेट. त्यातल्या जुदेक्का नावाच्या भागात पूर्वी यहुदी लोक राहायचे. तिथल्या एका बोळात हे घर आहे. दगडी जिना पायांनी झिजून मधोमध खोलगट झालाय. खोलीत चार खाटा, एकीवर एक अशा, चारही बायकांसाठीच. कपाटाला कुलूप आपले आपण लावायचे. बाबांनी दिलेले पितळी कुलूप तिथेच लावले आहे. मालकीणबाई साठीच्या पुढच्या आहेत. सगळे त्यांना सिन्योरा म्हणतात, मीही म्हणते. त्या खालीच राहतात आणि रात्री अकराला दाराला आतून अडसर घालतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, तेव्हा पोटात गोळा आला होता. पण पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायची, असा इथला नियम आहे. बाबा परदेशी पाहुणा आला की चष्मा लावून सी-फॉर्म भरत बसतात ना, तेच. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

तू फोनवर रोज एकच विचारतेस, ‘गो, खावक मिळता मा तुका?’ मिळते, आई. सकाळचा बाजार अपोलोच्या पडक्या देवळाजवळ भरतो, आणि तिथे मासळीवाले आपल्या बंदरावरच्या लिलावासारखेच ओरडतात. इथली सार्डिन म्हणजे तारलीची चुलतबहीण. गेल्या रविवारी तुझा मसाला आणि तिरफळे घालून तिखले केले. कोकमे संपली आहेत, लिंबावर भागवले. बरे झाले होते.

पण एक गोष्ट तुला नीट समजावून सांगायलाच हवी, कारण फोनवर मी अर्धवट बोलले आणि तू लगेच, ‘सकाळच्या पारी थंड खातंस?’ म्हणून चिडलीस. इथे उन्हाळ्यात लोक न्याहारीला बर्फ खातात. थट्टा नाही करत. सकाळी सात-आठला बँकेत जाणारा माणूस, शाळेतली बाई, टोपी घातलेले आजोबा, सगळे कॅफेत येतात आणि काचेच्या पेल्यात ग्रानीता मागवतात. ग्रानीता म्हणजे आपला गोळा नव्हे. गोळ्यात बर्फ आधी आणि रंग नंतर. इथे लिंबाचा रस, साखर आणि पाणी एकत्र करून गोठता गोठता सारखे ढवळत राहतात, म्हणजे बर्फाचे कण बारीक, ओल्या रव्यासारखे होतात. आईस्क्रीमही नव्हे, कारण दूध नसते. लिंबे इथलीच, सिराकूझाची लिंबे नावाजलेली आहेत. बदामाची ग्रानीता पांढरीशुभ्र असते, बदाम जवळच्या आव्होलाचे. काळ्या तुतीचीही असते. माझी आवडती बदामाची. मसाला दूध गोठवावे तशी लागते, फक्त मसाला नाही.

तिच्याबरोबर गोड पाव येतो, ब्रिओश. हा गोल असतो आणि त्याच्या डोक्यावर छोटा गोळा बसवलेला असतो. त्याला इथल्या बोलीत तुप्पो म्हणतात, म्हणजे अंबाडा. आजी घालायची तसा. आधी तो अंबाडा तोडायचा, ग्रानीतात बुडवायचा आणि खायचा, मग उरलेला पाव. पहिल्या दिवशी मी पाव बाजूने तोडायला लागले, तर शेजारच्या आजोबांनी बोटाने नाही-नाही केले आणि स्वतःच्या पावाचा अंबाडा तोडून दाखवला.

हे खूळ का, म्हणून मी सिन्योरांना विचारले. पूर्वी हिवाळ्यात लोक एटनावर आणि इतर डोंगरांवर चढून बर्फ गोळा करायचे, खड्ड्यांत दाबून झाकून ठेवायचे आणि उन्हाळ्यात खाली आणून विकायचे. त्या बर्फावर लिंबू पिळून खायचे. नंतर लाकडी बादलीत धातूचे भांडे ठेवून, मध्ये बर्फ आणि मीठ भरून फिरवायला लागले. आई, हा आपला आईस्क्रीमचा पॉटच झाला! मे महिन्यात मामा आले की ओटीवर आम्ही आळीपाळीने हँडल फिरवायचो ना, तोच. एवढे ऐकल्यावर मला ही पद्धत परकी वाटेनाशी झाली. आणि उन्हाळा इथला असा, की सकाळी गरम काही घशाखाली उतरत नाही. ११ ऑगस्ट २०२१ला या सिराकूझाच्या परिसरातच ४८.८ अंश तापमान नोंदले गेले, तो युरोपातला उच्चांक आहे. यंदा तसे काही नाही, काळजी करू नका. घसा अजून एकदाही बसलेला नाही. टॉन्सिल्सचे औषध तू दिलेले तसेच बंद आहे.

बाबा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. इथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीत देवळाचे खांब आहेत. अथेना देवीचे देऊळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बांधलेले. पुढे त्याचेच चर्च करताना खांबांच्या मधल्या जागा दगडांनी भरून भिंती केल्या. १६९३च्या भूकंपात चर्चचा दर्शनी भाग पडला, तो पुढच्या शतकात नवा बांधला. खांब उभेच. बाहेरच्या रस्त्यावरून त्यांना हात लावता येतो. मी लावला तेव्हा तुमचा हात आठवला, चिऱ्याला रंधा मारताना असतो तसा. आमचे कॉलेजचे कामही दगडाचेच होते. खारे वारे दगडात मुरतात, आत मिठाचे खडे धरतात आणि दगड आतून फुटत जातो. भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडतात. ‘खारो वारो घर खाता’ असे तुम्ही नेहमी म्हणता. आमच्या सरांना मी ते इंग्रजीत सांगितले, त्यांनी वहीत लिहून घेतले.

दुसरी गोष्ट, समुद्राच्या अगदी काठाला इथे गोड्या पाण्याचा झरा आहे, आरेतूझाचा. त्यात पपायरसची झाडे वाढतात आणि बदके पोहतात. आरेतूझा नावाच्या मुलीच्या मागे नदीचा देव लागला, तेव्हा देवीने तिचे पाणी केले, आणि ती समुद्राखालून वाहत ग्रीसहून इथे वर आली, अशी कथा सांगतात. कठड्याला टेकून मी किती वेळ उभी होते! आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या गोड्या विहिरी आठवल्या: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. किल्ल्यात शाळेची सहल गेली की तुम्ही आम्हाला ओंजळीने ते पाणी प्यायला लावायचात. चहूबाजूंनी खारे आणि मधे गोडे. इथे कोणाला सांगितले तर त्यांना त्यांच्याच झऱ्याचे कौतुक जास्त. मी वाद घातला नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

कॉलेजचे काम ३१ जुलैलाच संपले. मी फोनवर ‘काम लांबलंय’ म्हणाले ते खरे नव्हते. लांबले नाही. मी राहिले आहे, आणि या घरात काम करते आहे. पाहुणे सकाळी दहाला जातात, नवे दोनला येतात, त्या चार तासांत खाटांच्या चादरी काढायच्या, धुवायला लावायच्या, नव्या घालायच्या, न्हाणीघरे घासायची. सगळे रीतसर कागदावर आहे. विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तास काम करायची कायद्याने परवानगी आहे, त्याच्या आतच आहे. राहणे फुकट आणि वर पैसे. मी शिकते त्या तोरिनोतली खोली ऑगस्टपुरती सोडली आहे, ते भाडे वाचले.

चिडू नका. मला कोणी भरीस घातले नाही. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मी सवयीने माझ्या खाटेची चादर काढली, उशीच्या खोळीत बाकीचे कपडे भरले आणि गाठोडे दाराशी ठेवले. सिन्योरा बघत राहिल्या. हे तुला कोणी शिकवले, म्हणाल्या. मी म्हटले, माझ्या आईच्याही दोन खोल्या आहेत, समुद्राकाठीच. त्यांची मदतनीस बाळंतपणाला गेली होती. त्यांनी विचारले आणि मी हो म्हटले.

आई, त्यांच्या हातांना ब्लीचने भेगा पडल्या आहेत. तुझ्यासारख्याच, अंगठ्याच्या मुळाशी. आम्ही दोघी चादर दोन टोकांना धरतो, झटका देतो, घडी घालतो, पुढे येतो. इस्त्रीची गरजच उरत नाही. पहिल्यांदा तो झटका बसला तेव्हा मला रडू आले. त्यांना वाटले, ऊन लागले.

माझ्या बारावीचा मे महिना आठवतो? पुण्याचे पाहुणे आले आणि तू माझी खोलीही त्यांना दिलीस. मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. आपल्याच घरात आपण माजघरात का झोपायचे, म्हणून. त्या रात्री बारा वाजून गेले होते, तू मोरीत चादरी आपटत होतीस. मी जागी होते. प्रत्येक आपटणे ऐकत होते. उठले नाही. हे कधी बोलले नाही, म्हणून लिहिते आहे. त्या चादरींवर माझे कॉलेज झाले, हे तेव्हाही कळत होते.

पैशांचे: ५ तारखेला दादाच्या खात्यात साडेचारशे युरो पाठवले आहेत, सप्टेंबरात आणखी येतील. हे घरखर्चाला किंवा कौलांना वापरायचे नाहीत. माझ्या व्हिसासाठी आईच्या पाटल्या सोसायटीत तारण ठेवल्या, त्यातच भरायचे. कौलांचे मी डिसेंबरपर्यंत बघते. बाबा, तुम्ही ‘मुलीचे पैसे’ म्हणून बाजूला ठेवाल, तसे करू नका. हात जोडून सांगते.

चतुर्थीला येणे होत नाही. तिकीट महाग आहे हे एक, पण मुख्य म्हणजे रहिवासाच्या परवान्याला बोटांचे ठसे द्यायची तारीख नेमकी त्याच आठवड्यातली मिळाली आहे. ती चुकली तर पुढची केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला यंदाही मी नाही. वहिनीला सांगा, कवंडळे मधोमध बांध, आणि आरतीच्या वेळी व्हिडिओ लाव. मी सकाळी लवकर उठून बसेन.

आणि कणकवलीचे स्थळ. मुलगा चांगला असेल, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण शिक्षणाचे अजून एक वर्ष आहे, आणि त्याच्या आईने ‘तुळशीच्या लग्नाआधी पक्के सांगा’ म्हटले असेल तर माझे उत्तर नाही असे कळवा. थांबणार असतील तर मी त्याच्याशी फोनवर बोलायला तयार आहे. बोलणे झालेच तर त्यांच्यापासून काही लपवू नका. मुलगी इटलीत शिकते आणि सुट्टीत गेस्टहाउसमध्ये चादरी घालते, असे सरळ सांगा. ज्यांना ते खुपेल त्यांच्या घरी मला नको आहे. आत्यालाही आता सांगून टाका.

नारळी पौर्णिमेला बंदरावर गेला होतात का? आमचा नारळ कोणी सोडला? पाऊस आवरला की मागच्या खोलीच्या गाद्या उन्हात टाका, आणि आई, त्या तू एकटीने उचलू नकोस. दादा आहे.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. छोट्याला गोड पापा.

तुमची,
बाय

ता. क. पाटल्या सोडवल्या की फोटो पाठव. डबीत ठेवून काढलेला नको. हातात घालून.