मंत्रीसाहेब, आमच्या अण्णांची वाचा गेली

माननीय मंत्रीसाहेब,
नमस्कार. मी औसा तालुक्यातला शेतकरी, वडील नेव्हीतून रिटायर. 2021 ला 71 च्या भारत-पाक युद्धाला 50 वर्षं झाली म्हणून अण्णांचा सत्कार झाला, शाल-नारळ झालं, आणि एका साहेबांनी माईकवर सांगितलं की महिन्याभरात घरी टीम पाठवतो, काकांच्या सगळ्या आठवणी व्हिडिओत घेऊ. अण्णा कितीतरी दिवस सकाळीच दाढी करून ओसरीवर बसायचे. टीम आली नाही. मी चकरा मारल्या, दर वेळी नवीन अर्ज द्या म्हणले. मागच्या गुरुवारी अण्णांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली.

अण्णा आयएनएस खुकरीवर होते. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. 67 जण वाचले. हे सगळं कुठंबी वाचायला मिळतं साहेब, पण अण्णा सांगायचे ते कुठं मिळणार? पाण्यावर इतकं तेल की डोळे उघडेनात, अंधारात नुसत्या हाका, आणि पहाटेकडं त्या हाका कमी कमी होत गेल्या. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस, राफ्टची दोरी मनगटाला गुंडाळून रात्रभर राहिला. शेजारी केरळचा एक पोरगा होता, त्याला झोप लागू नये म्हणून अण्णा त्याला मराठीत शिव्या द्यायचे, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं तरी तो हूं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलनं वाचलेल्यांना वर घेतलं. त्या पोराचं काय झालं, इथं आले की अण्णा गप्प व्हायचे.

पुढच्याच वर्षी 72 चा दुष्काळ. सुट्टीवर आले तर आजी खडी फोडायला गेलेली, विहीर कोरडी ठाक. त्या गावात समुद्राची गोष्ट ऐकायला कोणाला वेळ होता?

आता लातूरच्या दवाखान्याचं बिल भरायला सोयाबीन मिळेल त्या भावात विकलं, रात्री बायको अन् मी पाळीपाळीनं जागतोय. कोणाला पडलंय त्याचं? कार्यक्रमाला मात्र पैसा कमी पडत नाही. 4 डिसेंबर 2023 ला मालवणला नौदल दिन झाला, महाराजांचा पुतळा उभारला, तो 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. महाराजांच्या पुतळ्याची ही गत, मग खेड्यातल्या म्हाताऱ्याला कोण विचारणार! सगळी सिस्टीमच फोटोपुरती झालीय.

माझी मागणी एकच. 71 चे जे कोणी अजून बोलू शकतात त्यांच्या घरी याच महिन्यात माणूस पाठवा, अर्ज मागू नका.

त्या केरळच्या पोराचं नाव अण्णांना माहीत होतं. टीम आल्यावर कॅमेऱ्यासमोरच विचारू म्हणून मी थांबलो. काल मोबाईलवर खुकरीचा फोटो दाखवला, तर डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं अन् किती तरी वेळ सोडलंच नाही.

आपला,
एका नौसैनिकाचा मुलगा