‘मी’ सोपा नाही

महोदय,

‘कथालेखनाला नुकती सुरुवात करत असाल तर कथा ‘मी’ला सांगू द्या, सोपं जातं,’ हा आपल्या रविवार पुरवणीतला सल्ला वाचला. आमच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेची हस्तलिखितं दिवाळीआधी माझ्याकडे येतात. त्यांत ‘मी’च्या कथांचाच भरणा असतो आणि फसतातही त्याच जास्त.

सून सांगत असते आणि मध्येच ‘सासूबाईंच्या मनात अपराधी भावना दाटून आली’. सुनेला कसं कळलं? सासूबाईंनी न विचारता ताटात आणखी एक भाकरी वाढली, एवढंच तिला दिसणार. तेवढंच लिहावं. एका कथेत बीडचा ऊसतोड मजूर बोलत होता. पहाटे कोयता घेऊन फडात उतरताना त्याला ‘क्षितिजावर केशरी छटांची मुक्त उधळण’ दिसते! पाचटावरचं दव, पात्यांनी कापलेले हात, मुकादमाकडून घेतलेली उचल, यांचा पत्ता नाही. फडात मजूर नव्हताच, मराठीत एम.ए. केलेले लेखकमहाशय उभे होते. (मी ऊसवाल्याची मुलगी, मला हे लगेच दिसतं.)

पण भोगलं असेल त्यानेच ‘मी’ म्हणावं, असंही माझं म्हणणं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० साली ‘करमणूक’मधून येऊ लागली तेव्हा ते २६ वर्षांचे होते, आणि कथा सांगते यमू. नवरा गेल्यावर तिचं बळजबरीने केशवपन होतं, तिथवर येईतो तिचा आवाज कानात असा बसलेला असतो की पुरुषाने लिहिलंय हे ध्यानातच राहत नाही. मी तर ते प्रकरण आजही एका बैठकीत वाचू शकत नाही.

‘मी’ला दुसऱ्याचं मन दिसत नाही, ही अडचण खांडेकरांनी ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना आपापलं सांगायला लावून सोडवली. तेच लग्न, तोच राजवाडा, पण प्रत्येकाची तक्रार वेगळी.

यंदाच्या एका कथेत तर निवेदक ट्रकखाली सापडून मरतो आणि पुढे पानभर स्वतःच्या दहाव्याला कोण कोण आलं ते सांगतो. पिंडाला कावळा किती वाजता शिवला, तेसुद्धा! भुताची गोष्ट असती तर माझी हरकत नव्हती, पण ही कर्जबाजारी रिक्षावाल्याची कथा होती. लेखक विशीतला मुलगा, लिहितो मात्र जीव लावून. त्याला ‘मृत्युंजय’ काढून दिलं आणि म्हटलं, शिवाजी सावंतांनी शेवटचा भाग कर्णाकडून काढून श्रीकृष्णाला का दिला असेल, ते बघ. महिनाभराने त्याचा निरोप आला. शेवट आता रिक्षावाल्याची बहीण सांगणार आहे, पण तिला त्या कर्जाचा पत्ताच नाही, म्हणून सगळी कथा पहिल्यापासून लिहायला घेतली आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड