पेन संपलं, आता सलाईनचं बोलू

पुणे, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईच्या हाडांच्या सलाईनचा विषय निघाला की आई "बघू गं" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते. बाबा म्हणतात, "ती नाही म्हणते तर मी काय करू?" आणि पुढच्याच वाक्यात ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या ट्रॅफिकवर येतात. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. ती मध्ये बोलली तर बोलू द्यायचं, पण पुढचं पान वाचायचं राहता कामा नये.

आई, ठिसूळ हाडांसाठी दोन वर्षं रोज रात्री त्या इंजेक्शनच्या पेनाने सुई टोचून घेणं ही साधी गोष्ट नव्हती. शेवटचं पेन संपलं त्या दिवशी तू फ्रिजच्या दारातला तो कप्पा धुऊन तिथे लिंबाचं लोणचं ठेवलंस, हे बाबांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. पण डॉक्टरांनी त्याच कागदावर खाली वर्षातून एकदा घ्यायची सलाईन लिहून दिली आहे, आणि तिला तू "आता हाडं भरली ना, मग पुन्हा सुई कशाला" म्हणून नाही म्हणते आहेस. माझं सगळं पत्र या एका ओळीबद्दल आहे.

आधी हे औषध काय करत होतं ते सांगते, कारण ते आपल्याला कोणी नीट सांगितलंच नाही. आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारक्या ग्रंथी असतात. त्यांतून येणारा पॅराथायरॉइड नावाचा हार्मोन रक्तातलं कॅल्शियम सांभाळतो. तो ८४ दाण्यांच्या माळेसारखा आहे, आणि तुझ्या पेनातलं टेरिपॅराटाइड म्हणजे त्यातले पहिले ३४. गंमत अशी की हाच हार्मोन रक्तात सतत जास्त राहिला तर हाडं पोखरतो, ज्यांच्या ग्रंथी बिघडतात त्यांची हाडं त्यामुळेच ठिसूळ होतात. पण तोच रोज एकदा, थोडा वेळ येऊन गेला तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणून रोज टोचायचं, म्हणून डोस २० मायक्रोग्रॅमचा, आणि म्हणूनच आज विसरले तर उद्या दोन घेईन हे चालत नव्हतं. बाकीची बहुतेक औषधं हाड झिजणं थांबवतात, हे नवीन हाड घालतं. आणि महागही आहे.

आता बाबांना विचारते, कारण पीडब्ल्यूडीत त्यांची हयात गेली. स्लॅब टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून तराई, म्हणजे पाणी मारणं, बंद केली तर काय होतं? नवीन हाडाचं तसंच आहे. आधी मऊ थर बसतो, मग त्यात हळूहळू क्षार भरत जातात. इंजेक्शन थांबलं की बांधणाऱ्या पेशी मंदावतात, पण हाड खाणाऱ्या पेशींचं काम चालूच राहतं. जे कमावलं ते वर्षभरात घसरायला लागतं. ती सलाईन, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची, त्या खाणाऱ्या पेशींना आवर घालते. म्हणजे दोन वर्षांच्या टोचण्यांवर कुलूप लावायचं काम तिचं आहे. ते काही वेगळं, नवीन दुखणं नाही.

हे पुस्तकातलं सांगते असं वाटेल, म्हणून ज्या बायकांशी बोलले त्यांचं सांगते. नावं नको.

नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतल्याने हाडं गेली. त्यांनी तुझ्यासारखीच पूर्ण दोन वर्षं पेन घेतलं, एक दिवस न चुकता. नंतर मुलगा परदेशी गेला, डॉक्टर बदलले, पुढचं औषध राहून गेलं. दीड वर्षाने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली तर पाठीचा आकडा जवळजवळ सुरुवातीच्या जागी. "पैशाचं नाही वाटलं, त्या सुयांचं वाटलं," असं म्हणाल्या.

माझ्या ऑफिसातल्या एकीच्या सासूबाईंनी सहाव्या महिन्यातच सोडलं. मळमळ, आणि पेन घेतलं की उठताना गरगरायचं. खरं तर हे पहिल्या काही दिवसांत काही जणींना होतं. औषधाने रक्तवाहिन्या सैल होतात, उठल्यावर बीपी उतरतं. तुला नाही का, पहिल्या आठवड्यात न्हाणीघराच्या दाराशी बसावं लागलं होतं? मग बाबांनी पलंगावर बसवून, पाय खाली न सोडता टोचायची पद्धत काढली आणि ते थांबलं. त्या बाईंना असं कोणी सांगितलंच नाही. औषधाला नावं ठेवण्याआधी ते कसं घ्यायचं हे सांगणारं माणूस हवं, आणि आपल्याकडे दवाखान्यात तेवढा वेळ कोणाला नसतो.

इंदूरच्या मामीचं औषध वेगळं, डेनोसुमॅब, सहा महिन्यांतून एकदा. ते सोपं म्हणून तू त्याच्याकडे डोळा लावून होतीस. पण त्याची वेळ चुकली तर हाड खाणाऱ्या पेशी उसळून उठतात. मामाच्या बायपासच्या धावपळीत मामीचं एक इंजेक्शन राहिलं, आणि काही महिन्यांत तिचे दोन मणके खचले. तेव्हा सोपं म्हणजे बिनधास्त नाही. महिन्याला एकदा घ्यायचं रोमोसोझुमॅबही आहे, १२ महिन्यांचं, पण गेल्या वर्षात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत, आणि त्याच्याही नंतर कुलूप लावावंच लागतं. यातून कोणाचीच सुटका नाही, आई.

या सगळ्या बायकांनी एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली. औषध लागू पडतंय हे कळत नाही. पायात पेटके कळतात, मांडीवरचा लाल डाग कळतो, महिन्याचं बिल तर फारच कळतं. हाड भरलेलं कळत नाही. हाड झिजत होतं तेव्हा तरी कुठे कळलं होतं? तुझे परकर लांब व्हायला लागले तेव्हा तू शिंप्याला बोल लावलास. नंतर एक्स-रेत दिसलं की एक मणका आधीच कधीतरी दबला होता. पाण्याची बादली उचलताना जो गेला तो दुसरा.

रिपोर्टबद्दल बाबांची तक्रार माझ्या लक्षात आहे. पाठीचा टी-स्कोर (डेक्साचा आकडा, उण्यात जितका मोठा तितकं हाड विरळ) उणे ३.६ वरून उणे २.९, आणि खुब्याचा उणे २.७ वरून जेमतेम उणे २.६. "एवढं करून एवढंच?" बाबा, मणक्याचं हाड आतून जाळीदार असतं, ते लवकर भरतं. खुब्यात टणक भाग जास्त, तिथे कमीच वाढतं, सगळ्यांचंच. आणि आकड्यापेक्षा मोडणं महत्त्वाचं. या औषधाचा मोठा अभ्यास २००१ साली छापून आला, १,६३७ बायकांवरचा, सगळ्यांचा एखादा तरी मणका आधी मोडलेला. नुसत्या पाण्याचं इंजेक्शन मिळालेल्यांत शंभरातल्या १४ जणींचा नवा मणका मोडला, तुझा डोस घेतलेल्यांत ५ जणींचा. त्या नऊ जणींना आपण वाचलो हे कधी कळलंही नसेल. सलाईनचा असाच अभ्यास २००७ सालचा आहे. वर्षाला एक, अशा तीन वर्षांत मणके मोडणं ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडणं ४१ टक्क्यांनी कमी झालं. खुब्यात आपली बाजू लंगडी आहे, म्हणून हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजीचा खुबा मोडल्यावर तिचं काय झालं ते तुम्ही दोघांनी उचलून-ठेवून पाहिलं आहे.

उंदरांचंही संपवून टाकते. आपल्या गोठीतल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, काकूंनी कुठेतरी वाचून तुला सांगितलं होतं की याने हाडाचा कॅन्सर होतो. ते अगदीच हवेतलं नव्हतं. उंदरांना जवळजवळ आयुष्यभर मोठे डोस दिले तेव्हा त्यांना गाठी झाल्या, आणि वर सांगितलेला २००१ सालचा अभ्यासही त्यामुळेच लवकर थांबवला होता. २००२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली ती मोठ्या चौकटीतल्या इशाऱ्यासह. मग इतकी वर्षं घेणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवलं, तसं काही वाढलेलं दिसलं नाही, आणि २०२० मध्ये ती चौकट काढली. हाडांना रेडिएशन झालेल्यांना अजूनही देत नाहीत, तुला ते झालेलं नाही. काकूंना माझा नमस्कार सांग आणि हे पान त्यांनाही दे.

बाबा, आता थोडं तुमच्याबद्दल. मे महिन्यात ४५ डिग्रीत लाईट गेली की फ्रिजचं दार कोणी उघडू नये म्हणून तुम्ही त्याला खुर्ची लावून बसायचात. दर वेळी नवी सुई, टोचून झालं की लगेच काढून टाकायची, २८ दिवस झाले की पेन उरलं असलं तरी फेकायचं, हे सगळं तुमच्या वहीत तारखेनिशी आहे. आणि त्या लॅबचा मुलगा सकाळी सातला रक्त घेऊन गेला, कॅल्शियम थोडं जास्त आलं, घरात रडारड झाली, तेव्हा रात्री नऊचं इंजेक्शन आणि सकाळी सात यांत दहाच तास जातात, निदान सोळा जायला हवेत, हे तुम्हीच पत्रक वाचून शोधलंत. दुपारी दोनला पुन्हा घेतलं तर नॉर्मल. लॅबला सांगायचं भान नव्हतं, तुम्हाला होतं. अशा माणसाने "ती नाही म्हणते तर मी काय करू" म्हणावं हे मला पटत नाही.

आता आईच्या खऱ्या भीतीबद्दल. ती सुईची नाही, तापाची आहे. मामीच्या शेजारणीला सलाईननंतर थंडी वाजून ताप आला, अंग मोडून निघालं, हे तू ऐकलं आहेस. खरं आहे, पहिल्या खेपेला तीनातल्या एकीला असं होतं. दोन-तीन दिवसांत उतरतं, पॅरासिटामॉलने भागतं, आणि पुढच्या वर्षी बहुतेकींना फारसं होत नाही. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायचं. सलाईन निदान पंधरा मिनिटं तरी चालवायची, नर्सला घाई असली तरी.

त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्यायला हवं. किडनी फार कमी चालत असेल तर हे औषध देतच नाहीत, आणि डी कमी असताना दिलं तर कॅल्शियम घसरतं. आई, छतावर ऊन खात बसतेस ते चांगलंच आहे, पण शाल, मोजे, डोक्यावर पदर अशा थाटात बसून डी मिळत नाही. गोळी चालू ठेव. बाबांचा तीळ-गजकचा सिद्धांत कॅल्शियमपुरता बरोबर आहे, साखरेपुरता नाही.

आणि दाढ! खालची ती हलणारी दाढ तू वर्षभर लांबवते आहेस. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित, फार क्वचित, जबड्याचं हाड भरून येत नाही. म्हणून काढायची ती आधी. या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि पुढे काय लिहून दिलं आहे ते त्यांना दाखव. जखम भरायला जितके दिवस लागतील तेवढे दिवस मध्ये काय घ्यायचं, हे हाडांच्या डॉक्टरांना मी फोन करून विचारते, कारण पेन संपल्यावर फार काळ मोकळं राहायला नको. पुढे कधी मांडीत किंवा जांघेत बरेच दिवस बोथट दुखलं तर गप्प बसायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

इतकं वाचूनही आई नाही म्हणाली, तर जबरदस्ती करणार नाही. पण मग "नको" हे डॉक्टरांसमोर बसून, दुसरा काही पर्याय आहे का ते विचारून म्हणायचं. आठवड्याला एकदा घ्यायची गोळी आहे, सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या बाईला ते किती जमेल ते तुम्हीच बघा.

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे. दोघांच्याही नावाने नंबर लावला आहे. बाबा, हो, दोघांच्या. तुम्ही ७४ वर्षांचे आहात, दम्यासाठी कितीतरी वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या आहेत, आणि दिवाळीच्या फोटोत दादापेक्षा तुम्ही बोटभर बुटके दिसता. पूर्वी दोघं सारखे होतात. पुरुषांची हाडं ठिसूळ होत नाहीत असं कोणी सांगितलं? तुमची डेक्सा आईच्याच मशीनवर करू.

तुमची,
ताई

ता. क. वापरलेल्या सुयांची ती बाटली कचरागाडीत टाकू नका. झाकण घट्ट लावून ठेवा, मी आले की दवाखान्यात नेऊन देऊ. आणि लोणचं फ्रिजच्या बाहेरही टिकतं, आई.